ठळक अक्षर खरंच ठळक उमटलंय ना?

संगणकाच्या पुस्तिकांमध्ये एक जुना संकेत आहे. वाचकाने टाइप करायचं ते ठळक, यंत्राचं उत्तर साधं. आणि दोन्ही समान रुंदीच्या टाइपरायटर फॉन्टमध्ये. लिनक्स शिकवणाऱ्या एका पुस्तिकेची जुळणी मी लाटेक या जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करत होतो, तेव्हा हाच संकेत धरला. प्रूफ तपासून परत आलं, त्यावर शेरा होता: ‘यातलं नेमकं टाइप काय करायचं?’ सगळ्या ओळी एकसारख्याच उमटल्या होत्या.

ठळक करण्याची आज्ञा फाइलमध्ये जागच्या जागी होती. घोटाळा फॉन्टचा होता. आपण वेगळं काही सांगितलं नाही तर लाटेक वापरतं तो डोनाल्ड क्नूथ यांचा कम्प्युटर मॉडर्न. त्यात मजकुराच्या अक्षरांना ठळक रूप आहे, टाइपरायटर अक्षरांना मात्र मूळ संचात नाही. अशा वेळी लाटेक थांबत नाही. साधं अक्षर बसवून पुढे जातं आणि लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदींच्या फाइलमध्ये, तशी नोंद करतं. कोड छापणारं ‘लिस्टिंग्ज’ पॅकेज कीवर्ड, म्हणजे भाषेचे राखीव शब्द, आपसूक ठळक करतं, पण टाइपरायटर अक्षर घेतलं की हे कीवर्डही इथे साधेच उमटतात.

म्हणून पहिलं काम: एकच शब्द साधा आणि ठळक असा शेजारी शेजारी टाकून, पुस्तकाच्या मापात कागदावर छापून बघा. लॉगमध्ये फॉन्ट बदलल्याची नोंद शोधा.

दुसरं, फॉन्ट बदलताना रुंदी मोजा. दहा पॉइंटला कम्प्युटर मॉडर्नचं टाइपरायटर अक्षर ५.२५ पॉइंट जागा घेतं, कुरियरचं ६, इन्कॉन्सोलाटाचं ५. म्हणजे ८० अक्षरांची ओळ अनुक्रमे ४२०, ४८० आणि ४०० पॉइंट. ए-फोर कागदावर दोन्हीकडे अडीच सेंटिमीटर समास सोडला की उरतात साधारण ४५५ पॉइंट. कुरियर घेतला तर ओळ समासात घुसणारच. इन्कॉन्सोलाटाला ठळक रूप आहे आणि ओळही मावते. कम्प्युटर मॉडर्नचाच चेहरा हवा असेल तर लॅटिन मॉडर्न या फॉन्टमध्ये ठळक टाइपरायटर मिळतं.

तिसरं, नकली ठळकपणा टाळा. ठळक रूप नसेल तर काही सॉफ्टवेअर साध्याच अक्षराच्या कडा फुगवतात. बारीक मापात इंग्रजी ‘ई’ आणि ‘ए’ यांची पोटं बुजतात, आठचा आकडा ‘बी’सारखा दिसू लागतो. पासवर्ड किंवा फाइलचं नाव बघून टाइप करणारा तिथेच अडकतो.

आणि ठळक अक्षराला पुस्तकभर एकच काम द्या. कुठे आज्ञा, कुठे कीवर्ड, कुठे नुसताच भर देण्यासाठी ते वापरलं, तर त्याला अर्थच उरत नाही. पुस्तिका समोर ठेवून शिकणाऱ्याला विचारायला शेजारी कोणी नसतं. काय टाइप करायचं हे त्याला अक्षराच्या जाडीवरूनच कळतं, तेव्हा ती जाडी छापण्याआधी तपासणं हे जुळणी करणाऱ्याचं कामच आहे.