नोकरीच्या शोधात ओळख कशी जोडावी?

यंत्रमागाच्या गावात नोकरी शोधणारा तरुण प्रथम कोणाकडे जातो? मामूकडे, चाचाकडे, फार तर शेजारच्या कारखानदाराकडे. यात गैर काही नाही. पण मामूंना जी बातमी ठाऊक असते तीच चाचांना असते. एकाच मोहल्ल्यातील दहा घरांत एकच बातमी फिरत राहते. नवी जागा कुठे निघाली हे बहुधा बाहेरचा माणूस सांगतो.

अभ्यासातूनही हेच दिसले आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत बोस्टनजवळील न्यूटन येथे नोकरी बदललेल्या लोकांकडे चौकशी केली व १९७३ साली निष्कर्ष मांडले. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेट होत असे. ५५.६ टक्के लोकांची अधूनमधून, तर २७.८ टक्के लोकांची क्वचितच होई. २०२२ साली लिंक्डइनवरील सुमारे २ कोटी लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही अगदी घरचा नव्हे आणि अगदी परकाही नव्हे, असा मधला परिचितच नवी नोकरी मिळण्यास अधिक उपयोगी ठरला. मात्र ज्या धंद्यांत संगणकाचा वापर कमी, तेथे जवळचे संबंध जास्त कामी आले. तेव्हा नातलगांना सोडू नये, पण तेवढ्यावर थांबूही नये.

येथे ओळख आणि वशिला यांतील फरक समजून घेतला पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी जॉबर कामगार भरत असत. गावचा व नात्याचा माणूस आधी लागे, आणि लावून दिल्याबद्दल दस्तुरीही घेतली जाई. या मनमानीला आळा घालण्यासाठी १९३५ साली बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली. वशिल्यात माणसाचे काम न पाहता जागा दिली जाते. ओळखीत माणूस फक्त समोर आणला जातो, पारख मालकच करतो.

आता ओळख जोडावी कशी? कापडाच्या पेढीवर बसून आम्ही जे पाहत आलो, त्यावरून काही गोष्टी सांगतो.

१) पहिल्या भेटीत नोकरी मागू नये. "जागा आहे का?" या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे एका शब्दात संपते. त्याऐवजी कामाबद्दल विचारावे. रंगाई मास्तरांना विचारावे की दोन लॉटच्या रंगात फरक का पडतो. दलालाला विचारावे की सध्या कोणत्या पन्ह्याला मागणी आहे. आपल्या कामाबद्दल मनापासून विचारणारा मुलगा माणसाच्या लक्षात राहतो.

२) समोरच्याची वेळ ओळखावी. गाठी सुटत असताना किंवा हिशेब चालू असताना जाऊ नये. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा माणूस निवांत भेटतो. दहा मिनिटे मागितली तर दहाव्या मिनिटाला उठावे.

३) नावाची अमानत सांभाळावी. "माझे नाव सांगा" असे कोणी म्हटले, म्हणजे त्याने बाजारातील आपली पत तुमच्या हाती दिली. त्याने पाठविलेल्या जागी वेळेवर पोहोचावे. जे काम येत नाही ते येते म्हणून सांगू नये. तेथे खोटे ठरलो तर त्याचेही नाव जाते, आणि पुढच्या गरजू मुलासाठी तो तोंड उघडत नाही.

४) निकाल कळवावा. काम झाले तरी कळवावे, न झाले तरी कळवावे. मोबाईलवर दोन ओळी पाठविणे कठीण नाही. पुष्कळ मुले येथेच चुकतात, काम झाले की फिरकत नाहीत.

५) आपणही काही द्यावे. बेकाराजवळ देण्यासारखे काय आहे, असे वाटेल. पण चार कारखाने फिरलेल्याला चार ठिकाणची माहिती असते. कोणाला जुने माग विकायचे आहेत, कोणाला तपासनीस हवा आहे, हे त्याने सांगितले तर दुसऱ्याचे काम होते. मात्र एका सेठची खासगी गोष्ट दुसऱ्या सेठला सांगू नये. असा माणूस कोणालाच नको असतो.

६) नोकरी लागल्यावरही भेटत राहावे. गरजेपुरता केलेला सलाम लगेच ओळखू येतो.

शेवटी दोन शब्द आम्हा व्यापाऱ्यांसाठी. दारी आलेल्या मुलाला "बघू, पुढच्या महिन्यात ये" असे सांगून तीन-तीन महिने झुलवणे ही मेहेरबानी नव्हे. त्याच्या आशेवर घर बसलेले असते, आणि तेवढ्या दिवसांत दुसरीकडची जागा हातची जाते. जागा नसेल तर नाही म्हणून स्पष्ट सांगावे आणि जमल्यास दुसरा एक पत्ता द्यावा. यात आपला एक पैसा खर्च होत नाही. आणि उद्या आपल्याला विश्वासाचा माणूस हवा असेल, तेव्हा असे सांभाळलेले संबंधच कामास येतात.