संगणकाची पेन्सिल

(संगणकावर आराखडे कसे काढतात आणि तेच तेच काम त्याच्याकडून कसे करून घेतात, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

घर बांधायचे असो, यंत्र बनवायचे असो, की खिडकीला जाळी बसवायची असो. आधी आराखडा काढावा लागतो. पूर्वी हे काम मोठ्या फळ्यावर कागद लावून करत. पट्टी, गुण्या, कंपास आणि टोकदार पेन्सिल ही आरेखकाची हत्यारे होती. एक माप बदलले, की अनेक रेषा खोडाव्या लागत. कधी कधी सारा आराखडाच नव्याने काढावा लागे.

१९६३ साली अमेरिकेतील आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने ‘स्केचपॅड’ नावाची आज्ञावली तयार केली. एका खास लेखणीने संगणकाच्या पडद्यावर रेषा काढता येऊ लागल्या. त्यात आणखी एक सोय होती. एका आकृतीच्या अनेक नकला करता येत आणि मूळ आकृती बदलली, की सगळ्या नकला आपोआप बदलत. पण तो संगणक फार मोठा व महाग होता. १९८२ साली ‘ऑटोकॅड’ ही आज्ञावली आली. ती टेबलावर मावणाऱ्या संगणकावर चालत असे. त्यामुळे हळूहळू लहान कार्यालयांतही संगणकावर आराखडे काढणे सुरू झाले.

तरीही एक अडचण उरलीच. कागद गेला, पडदा आला. पण रेषा मात्र माणसालाच एकेक करून काढावी लागे. हे काम संगणकालाच का सांगू नये?

मुलांनो, एक उदाहरण पाहू. जुन्या मशिदींच्या आणि महालांच्या जाळ्यांत आठ टोकांचा तारा तुम्ही पाहिला असेल. तो काढणे सोपे आहे. एक चौरस काढा. त्याच मध्यबिंदूवर तेवढाच दुसरा चौरस ४५ अंशांनी फिरवून काढा. झाला तारा तयार!

आता समजा, एका कारागिराला अशा ताऱ्यांची लोखंडी जाळी करायची आहे. चौरसाची बाजू १० सेंटिमीटर आहे. एका रांगेत १० तारे आणि अशा ८ रांगा, म्हणजे एकूण ८० तारे हवेत. एका ताऱ्यात ८ रेषा असतात. म्हणजे ६४० रेषा काढाव्या लागतील. एवढ्यात गिऱ्हाईक म्हणते, “जाळी एवढीच ठेवा, पण तारे निम्म्या मापाचे करा.” आता ३२० तारे आणि २५६० रेषा! आरेखकाचा सारा दिवस यातच जाईल.

अशा वेळी तो संगणकासाठी सूचनांची एक यादी लिहितो. तिला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. ती साध्या मराठीत सांगायची तर अशी :

१. चौरसाची बाजू किती, ते विचार.
२. रांगा किती आणि एका रांगेत तारे किती, ते विचार.
३. बाजूला १.४१४ ने गुण. येणारी संख्या म्हणजे दोन ताऱ्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर.
४. एक तारा काढ.
५. तेवढे अंतर पुढे जा आणि पुन्हा तारा काढ.
६. रांग संपली, की तेवढेच अंतर वर जाऊन नवी रांग सुरू कर.
७. सर्व रांगा झाल्या, की थांब.

आता बाजू १० ऐवजी ५ सांगितली आणि ताऱ्यांची व रांगांची संख्या दुप्पट केली, की काम झाले. संगणक क्षणात नवी जाळी काढतो. १९८६ साली ऑटोकॅडमध्ये अशा सूचना लिहिण्यासाठी ‘ऑटोलिस्प’ ही भाषा आली. आज ‘फ्रीकॅड’ नावाची विनामूल्य आज्ञावलीही मिळते. तिच्यात ‘पायथॉन’ या भाषेत स्क्रिप्ट लिहितात.

काम पायरीपायरीने सांगण्याच्या या रीतीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये राहणाऱ्या अल-ख्वारिझ्मी या थोर गणितज्ञाच्या नावावरून आला आहे. तुम्ही उर्दूत ज्याला ‘अलजब्रा’ म्हणता, तो शब्दही त्यांच्याच ग्रंथाच्या नावातून आलेला आहे.

पण एक गोष्ट विसरू नका. संगणक आज्ञा पाळतो. ती बरोबर की चूक, हे त्याला समजत नाही. १.४१४ हा आकडा कोठून आला? चौरसाचा कर्ण त्याच्या बाजूच्या सुमारे १.४१४ पट असतो. घाईघाईत कोणी १.४ एवढेच लिहिले, तर काय होईल? लहान ताऱ्यांच्या जाळीत प्रत्येक अंतर ०.०७ सेंटिमीटरने कमी पडेल. एका ताऱ्यात हे डोळ्यांना दिसणारही नाही. पण २० ताऱ्यांच्या रांगेत अशी १९ अंतरे असतात. त्यामुळे रांग सव्वा सेंटिमीटरहून अधिक आखूड होईल. लोखंड कापले जाईल, जोडले जाईल आणि जाळी चौकटीत नीट बसणार नाही. हाताने एक रेषा चुकली, तर एकच रेषा चुकते. स्क्रिप्टमध्ये एक आकडा चुकला, तर सारे काम चुकते. म्हणून जाणकार आरेखक आधी दोन-चार ताऱ्यांवर स्क्रिप्ट चालवून पाहतो, मापे तपासतो आणि मगच पुढे जातो.

मग संगणकाने आरेखकाचे काम हिरावून घेतले का? केवळ रेषा ओढण्याचे काम खरोखरच कमी झाले. परंतु कोणती रेषा कोठे आणि का काढायची, हे माणसालाच ठरवावे लागते. ज्याला भूमिती येते, तो संगणकाला कामाला लावतो. ज्याला ती येत नाही, त्याला पडद्यावरची चूकही दिसत नाही. म्हणून वहीतील चौरस आणि कर्ण आज नीट समजून घ्या. उद्या तेच तुमच्या हाताला काम देतील.

शब्दार्थ
आराखडा – कामाआधी काढलेला मापांसह नकाशा
आरेखक – आराखडे काढणारा
आज्ञावली – संगणकासाठी लिहिलेल्या सूचनांचा संच
कर्ण – चौरसाचे समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेषा
हिरावून घेणे – बळजबरीने काढून घेणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘स्केचपॅड’ कोणी तयार केले?
(आ) आठ टोकांचा तारा किती चौरसांनी बनतो?
२. स्क्रिप्टमधील एका चुकीने सारे काम का चुकते, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. चहा करण्याची कृती पायरीपायरीने लिहा. एकही पायरी गाळू नका.