मी काही दाबलंच नाही, मग हे अ‍ॅप आलं कुठून?

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मध्यंतरी रात्री फोन अपडेटला लावून झोपलो. सकाळी बघतोय तर स्क्रीनवर दोन गेम, एक खरेदीचं अ‍ॅप आणि एक कर्ज देणारं! पोरगं म्हणतंय, ‘पप्पा, तुम्हीच कायतरी दाबलं असणार.’ गेम काढले तर गेले, कर्जवालं जातच नाही. हे आणतंय कोण? अपडेटच बंद करून टाकू का? आणि वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर बिलांचं सगळं काम असतं, तिथं पण असंच व्हायचं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुलाला सांगा, काहीही न दाबता अ‍ॅप येऊ शकतं. अँड्रॉइड फोनवर नवं अ‍ॅप घ्यायचं तर ‘इन्स्टॉल’ दाबावं लागतं, हे तुमच्या-माझ्यापुरतं खरं. फोन बनवतानाच कंपनीनं आत बसवलेल्या काही अ‍ॅपना मात्र न विचारता दुसरी अ‍ॅप बसवायची मुभा असते. कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप-स्टोअर हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तुम्ही झोपलेले, फोन वायफायवर आणि चार्जिंगला, म्हणजे माल उतरवायला रान मोकळं. जी अ‍ॅप थेट सिस्टिम अपडेटमधून येतात, ती तर फोनच्या मूळ भागातच जाऊन बसतात. तुमचं कर्जवालं अ‍ॅप बहुधा या जातीचं असावं, म्हणूनच ते निघत नाही.

पण मुलगाही अगदीच चुकीचं बोलत नाही. मोठं अपडेट झालं की फोन सुरू होताना चार-पाच पानं पुढे येतात. त्यातल्या एखाद्या पानावर ‘तुमच्यासाठी निवडक अ‍ॅप’ अशी यादी असते आणि प्रत्येकापुढे टिक आधीच मारलेली असते. आपण घाईत ‘पुढे, पुढे’ करत जातो आणि कंपनीच्या दफ्तरी ती आपली संमती म्हणून नोंदली जाते.

तुमच्या घरातला वाद मिटवायची एक सोपी युक्ती आहे. सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या यादीत जा, त्या अ‍ॅपवर टिचकी मारा आणि पान अगदी तळापर्यंत सरकवा. बहुतेक फोनवर तिथं ते अ‍ॅप कोणत्या स्टोअरमधून आलं हे लिहिलेलं असतं. प्ले स्टोअरचं नाव असेल तर मुलाकडेही एकदा चौकशी करा. कंपनीच्या स्टोअरचं नाव असेल तर ते बहुधा कंपनीनंच परस्पर आणलं.

यात कंपनीला काय मिळतं, असं वाटेल. स्वस्त फोनच्या धंद्यात फोनवर फारसं सुटत नाही. फोन कंपनी शाओमीचे प्रमुख लेई जून यांनी एप्रिल २०१८ मध्ये जाहीरच केलं होतं की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा आम्ही ५ टक्क्यांपुढे जाऊ देणार नाही. मग कमाई कुठली? जाहिरातीची आणि इंटरनेट सेवांची. अ‍ॅप बनवणारे दर इन्स्टॉलमागे पैसे मोजतात. म्हणजे राजारामपुरीतल्या दुकानात तुम्ही फोनचे पैसे मोजून बाहेर पडलात तरी विक्री संपत नाही. तुमच्या स्क्रीनवरची जागा पुढची दोन-तीन वर्षं विकली जात राहते.

ही खोड फक्त मोबाइलची नाही. मार्च २००८ मध्ये अ‍ॅपलच्या अपडेट प्रोग्रामनं विंडोजवर आयट्यून्स वापरणाऱ्यांपुढे सफारी ब्राउझर आणून ठेवला, तोही टिक मारून. ज्यांनी तो कधी मागितला नव्हता, त्यांनाही तो ‘अपडेट’ म्हणून दिसत होता. दुसरा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख जॉन लिली यांनी त्यावर जाहीर टीका केली. असं केलंत तर लोकांचा अपडेटवरचाच विश्वास उडेल आणि त्याचा फटका सगळ्यांना बसेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच महिन्यात अ‍ॅपलनं नवी सॉफ्टवेअरं वेगळ्या यादीत टाकली. जावाच्या अपडेटबरोबर येणारा ‘आस्क’चा टूलबार तर त्या काळात नेट कॅफेच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर चिकटलेला असायचा. सगळ्यात मोठा नमुना मायक्रोसॉफ्टचा. २०१५-१६ मध्ये विंडोज १० घ्या म्हणून सारखी खिडकी उघडायची आणि मे २०१६ च्या सुमारास तर कोपऱ्यातली लाल फुली दाबली तरी ठरलेल्या वेळी नवं विंडोज बसायचंच. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंचा कॉम्प्युटर विंडोज १० च्या अशाच न मागितलेल्या अपडेटनं बिघडला. त्या कोर्टात गेल्या आणि त्यांना १० हजार डॉलर मिळाले.

आपल्याकडचं ताजं प्रकरण सरकारचंच आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागानं फोन कंपन्यांना आदेश दिला की ९० दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ अ‍ॅप आधीच बसवा आणि जे फोन तयार होऊन विक्रीला गेले आहेत, त्यांत ते सॉफ्टवेअर अपडेटमधून घालायचा प्रयत्न करा. अ‍ॅपची कामं बंद करता येणार नाहीत याचीही काळजी घ्या, अशी अट होती. बराच गदारोळ झाला. अ‍ॅप नको असेल तर काढून टाकता येईल, असं मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी सांगितलं आणि ३ डिसेंबरला ही सक्ती मागे घेतली गेली.

आता संचार साथी वाईट आहे का? मुळीच नाही. हरवलेला फोन बंद करणं, आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघणं, फसवणुकीच्या कॉलची तक्रार करणं ही उपयोगाचीच कामं आहेत. ज्यांना हवं त्यांनी ते जरूर घ्यावं. माझा आक्षेप वाटेला आहे. अपडेटला आपण परवानगी देतो ती दुरुस्तीसाठी. रोज दारात दुधाची पिशवी ठेव म्हणून सांगितलेल्या माणसानं आत येऊन फडताळात स्वतःचा चहाही ठेवावा आणि वर तो काढायचा नाही म्हणावं, तसं हे झालं. चहा चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा.

कधी कधी तर ठेवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ऑगस्ट २०१८ मध्ये देशभर लोकांच्या फोनबुकात ‘यूआयडीएआय’ नावानं आधारचा जुना हेल्पलाइन नंबर अचानक दिसू लागला. आधार प्राधिकरण म्हणालं, आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी गूगलनं मान्य केलं की २०१४ मध्ये भारतासाठीच्या अँड्रॉइडच्या सेटअपमध्ये तो नंबर आमच्याकडून चुकून गेला. लोक फोन बदलत गेले आणि नंबर कॉन्टॅक्टसोबत नव्या फोनवर येत राहिला. चार वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही!

तर मग अपडेट बंद करू का, या तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. नका करू. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं सुमारे १५० देशांतले कॉम्प्युटर गाठले. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने ज्यांनी ते टाळलं, त्यांच्यातलेच बहुतेक सापडले.

याच्या उलटही घडलंय, तेही लपवत नाही. त्याच वर्षी २७ जूनला युक्रेनमध्ये ‘एम. ई. डॉक’ या हिशेब आणि कराच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच हल्लेखोरांनी ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस घुसवला. आपल्याकडे टॅली जसं घरोघरी, तसं तिकडे ते. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत पोचला आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरात त्याच समूहाकडे असलेलं गेटवे टर्मिनल ठप्प झालं. आपल्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंगही याच बंदरातून परदेशी जातं. एका परक्या देशातलं कराचं सॉफ्टवेअर आणि उरणजवळ अडकलेले कंटेनर! पण असा प्रकार विरळा, आणि जुन्या सॉफ्टवेअरवर बसून राहण्याचा धोका रोजचा. म्हणून वर्कशॉपच्या कॉम्प्युटरचं अपडेट चालू ठेवा आणि बिलांची एक प्रत रोज बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. घेऊन झाली की डिस्क काढून ठेवा; जोडलेलीच राहिली तर व्हायरस तिच्यावरही जातो.

फोनवर अपडेट होऊ द्या, पण रात्री नको, दिवसा समोर बसून करा. सुरू होताना येणारं प्रत्येक पान वाचा, टिका काढा. कंपनीच्या स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘शिफारशी’ बंद करा. ‘अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा’ ही परवानगी कुणाकुणाला आहे ते बघून काढून घ्या. जे अ‍ॅप निघत नाही, ते निदान ‘डिसेबल’ करा. तुमच्या कर्जवाल्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट आणि फोटोंची परवानगी असेल तर तीही आधी काढा. बाकी सगळं नंतर केलंत तरी चालेल.

प्रश्न : न निघणारं अ‍ॅप काढू द्या, असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : व्हायच्या बेतात होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि आधीच बसवलेली स्वतःची अ‍ॅप काढायला ग्राहकाला अडवू नका, असंही बजावलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण काही निर्देश रद्द केले. त्यात नेमकं हेही गेलं. युरोपात मात्र मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना ही मोकळीक द्यावी लागते. थायलंडमध्ये जानेवारी २०२५ मध्ये ओप्पो आणि रिअलमीच्या फोनवर न काढता येणारं कर्जाचं अ‍ॅप सापडलं, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी कंपन्यांना बोलावून जाब विचारला.

तरी आपले हात अगदी रिकामे नाहीत. ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत आणि एका सेवेसाठी भलतंच अ‍ॅप घ्यायला लावणं त्यात बसतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फोनचं मॉडेल, अपडेटची तारीख आणि अ‍ॅप कुठून आलं ते दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट एवढं हाताशी ठेवून फोन करा. अ‍ॅप डिसेबल करण्याआधी स्क्रीनशॉट घ्यायचा, एवढं विसरू नका.