डोंगर राखा, विहीर साथ देईल



गटागटांतून फिरताना आम्ही एकच ओरड ऐकतो: उन्हाळ्यात विहीर तळ गाठते अन् उभा ऊस वाळतो. विहिरीचे पाणी वरच्या डोंगरात मुरते, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर ओळखले. वनखात्याची डोंगरजमीन, ग्रामस्थांचे श्रमदान आणि ग्रामसभेची कुऱ्हाडबंदी-चराईबंदी अशी भागीदारी जमली. उतारावर समतल चर खोदले. गुरे सोडायची नाहीत, पण गवत कापून न्यायचे. म्हणून बंदी टिकली. पाणी वाढले, तरी गावाने उसाला बंदीच ठेवली, हेही ध्यानात घ्यावे.

आपणही पावसाळ्यापूर्वी वनखात्याला ग्रामसभेत बोलावून ठरवू: चर कोठे, राखण कोणाची, गवत कोणाला. आणि मुरलेले पाणी उसाला ठिबकनेच देऊ. नाहीतर डोंगराने दिले अन् पाटाने नेले, असे व्हायचे!

— ऊसविकास अधिकारी