कुटुंबाचा प्रवास आणि मुलाची शाळा

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते व एप्रिलअखेर संपते. शेतकऱ्याचे व शेतमजुराचे वर्ष मात्र या कालगणनेप्रमाणे चालत नाही. पेरणी, कापसाची वेचणी, ऊसतोड, लग्नसराई, गावची जत्रा या सर्वांचा काळ निसर्गाने व रूढीने ठरविलेला असतो आणि त्यातील बराचसा भाग शाळेच्या कामाच्या दिवसांतच येतो. कुटुंब गावाबाहेर पडले की मूलही त्याच्याबरोबर जाते, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते. या रांगेचे कारण ‘पालकांची अनास्था’ या दोन शब्दांत सांगण्याची पद्धत आहे. हे उत्तर सोपे आहे. परंतु ते क्वचितच पुरे पडते. कुटुंबाचा प्रवास थांबविणे शिक्षकाच्या हाती नाही. त्या प्रवासामुळे मुलाची शाळा तुटू न देणे मात्र पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे. ते कसे साधावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. गैरहजेरीचे दोन प्रकार

कुटुंबाबरोबर होणाऱ्या प्रवासाचे दोन प्रकार शिक्षकाने प्रथम वेगळे केले पाहिजेत. पहिला प्रकार अल्पकालीन प्रवासाचा. मामाच्या घरचे लग्न, देवदर्शन, आजारी नातेवाइकाची भेट, किंवा अलीकडे काही कुटुंबांत रूढ होत असलेली सहल, अशा कारणांसाठी मूल दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत शाळेबाहेर राहते. दुसरा प्रकार हंगामी स्थलांतराचा. त्यात सबंध कुटुंब मजुरीसाठी पाच-सहा महिने परमुलखात जाते.

दोहोंतील अंतर आकड्यांनी स्पष्ट होते. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षात किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन झाले पाहिजे. पाच दिवसांच्या लग्नप्रवासाने २०० दिवसांचा चाळिसावा भाग बुडतो. असे चार प्रवास झाले तर दहावा भाग, म्हणजे जवळजवळ एक महिन्याचे काम जाते. परंतु नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने मूल बाहेर राहिले, तर महिन्याला कामाचे २० दिवस धरले तरी १०० दिवस, म्हणजे निम्मे वर्ष, हातचे जाते. पहिलीपासून पाचवीपर्यंत दरवर्षी हेच घडले तर पाच वर्षांतील अडीच वर्षे त्या मुलाने शाळा पाहिलेलीच नसते. पाचवीतील एखादा मुलगा हातच्याच्या वजाबाकीपाशी अडतो, तेव्हा त्याच्या बुद्धीविषयी मत बनविण्यापूर्वी शिक्षकाने त्याचे जुने हजेरीपट उघडून पाहावेत.

२. अल्पकालीन प्रवास

जालना जिल्ह्यात नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरी देवीला, चतुर्थीला राजूरच्या गणपतीला आणि रामनवमीला समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेल्या जांब येथे लोक मोठ्या संख्येने जातात. मुलांनी अशा प्रसंगी घरच्या माणसांबरोबर जाणे स्वाभाविक आहे व त्यात शिक्षणाचा अंशही आहे. म्हणून या प्रवासाची निर्भर्त्सना करू नये. मात्र ‘दोन दिवसांनी काय बिघडते?’ हा समजही दृढ होऊ देऊ नये. नव्या पाठाचा आरंभ चुकलेल्या मुलाला पुढचे चार दिवस अंधारात काढावे लागतात, ही गोष्ट पालकसभेत उदाहरणासह सांगावी.

याबाबत तीन उपाय सहजसाध्य आहेत. गावच्या जत्रेचा दिवस आधी ठाऊक असतो; मुख्याध्यापकाच्या अधिकारातील सुट्टी त्या दिवसाला जोडावी. पालकाने प्रवासापूर्वी शाळेत येऊन सांगण्याची प्रथा पाडावी व सांगणाऱ्याचा मान राखावा. रागावले जाण्याची भीती असेल तर पालक सांगणारच नाही. आणि परतलेल्या मुलाला बुडालेला भाग एखाद्या शेजारच्या मुलाच्या मदतीने त्याच आठवड्यात भरून काढण्यास लावावे.

३. हंगामी स्थलांतर

जिल्ह्याच्या दक्षिण भागात गोदावरीचा काठ व जायकवाडीचा डावा कालवा यांमुळे काही गावांत ऊस होतो. परंतु जिल्ह्याचा पुष्कळसा भाग पावसावर अवलंबून आहे. खरीप हाती आल्यावर अल्पभूधारकाला व भूमिहीनाला गावात काम उरत नाही. १९७२चा दुष्काळ व २०१२-१३ची टंचाई यांनी हे परावलंबन किती खोल आहे ते दाखविले. २०१२-१३ मध्ये तर या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागाही वाळल्या. अशा कुटुंबांना पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांची ऊसतोड हाच आधार वाटतो.

या कामाची रीत शिक्षकाने समजून घेतली पाहिजे, कारण मूल गावात का राहत नाही याचे उत्तर तीतच आहे. मुकादम पावसाळ्यातच कुटुंबाला उचल देतो. पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. म्हणजे आईलाही जावेच लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात व गाळप संपल्यावर, उन्हाळ्यात, परततात. फडाजवळ पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी हेच तेथील घर. आईबाप पहाटे फडात गेले की आठ-दहा वर्षांच्या मुलीकडे धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे व चूल पेटविणे ही कामे येतात. त्या मुलीला हौसेने कोणी शाळेतून काढलेले नसते. घरी तिला ठेवावे असे माणूस नाही, आणि तेथे तिच्यावाचून भागत नाही, अशा दुहेरी अडचणीतून तिचे जाणे घडते. ही अडचण सोडविल्याशिवाय केवळ उपदेशाने ती शाळेत राहणार नाही.

४. कायद्याची भूमिका

इंग्लंडमध्ये सत्राच्या काळात मुलाला सहलीस नेणाऱ्या पालकास दंड करण्याची पद्धत आहे. ऑगस्ट २०२४ पासून हा दंड प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकास ८० पौंड असून २१ दिवसांत न भरल्यास तो दुप्पट होतो. नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमांप्रमाणे हजेरी, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. तो खटला सुखवस्तू कुटुंबाच्या सुट्टीतील प्रवासाविषयी होता. भाकरीसाठी निघालेल्या कुटुंबाला तोच न्याय लावता येत नाही.

आपल्याकडे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. परंतु ‘सक्ती’ या शब्दाचा अर्थ सांगताना मुलाचा प्रवेश, उपस्थिती व शिक्षणाची पूर्तता यांची जबाबदारी कायद्याने शासनावर टाकली आहे. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. शाळा सोडल्याचा दाखला सादर करण्यास विलंब झाला, या कारणाने कोणत्याही शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबविता येत नाही. वयानुरूप वर्गात बसविलेल्या मुलास मागे राहिलेला भाग भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. ज्या शिक्षकाला या पाच गोष्टी ठाऊक आहेत, तो पालकाला व परक्या गावच्या मुख्याध्यापकालाही विश्वासाने सांगू शकतो.

५. शिक्षकाचे कार्य

(अ) जाण्यापूर्वी. दिवाळीनंतर रिकामे बाक मोजण्यापेक्षा पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या काळात घरोघर जाणे फलदायी होते. कोणत्या घरी उचल घेतली आहे, मुलाला कोण ठेवून घेऊ शकेल, घरी आजी-आजोबा आहेत काय, धाकटी भावंडे किती, याची यादी तयार करावी. मुलाला मागे ठेवण्याचा प्रश्न काढताना प्रथम आईशी बोलावे. ‘पोर आजारी पडले तर? मुलगी वयात आलेली, रात्री तिच्याजवळ कोण?’ असे तिचे प्रश्न रास्त असतात. त्यांना ठाम उत्तरे देता आली तरच ती मुलाला मागे ठेवील.

या उत्तरांसाठी हंगामी वसतिगृहाची व्यवस्था आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली मुलांच्या जेवणाची व निवासाची सोय गावातच होते आणि मूल आपल्याच वर्गात शिकते. जेथे आजी-आजोबा आहेत तेथे त्यांच्या आधाराने मूल राहू शकते. वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेवर जाण्यासाठी वरील यादीचा उपयोग होतो. मोठ्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ साली राज्य शासनाने मंजूर केली आहे. तिची माहितीही पालकांना द्यावी. आईबाप दूर असताना आठवड्यातून एक दिवस ठरवून मुलाचे त्यांच्याशी दूरध्वनीवर बोलणे घडवावे. या लहानशा गोष्टीने मुलाचे मन स्थिर राहते व आईचाही जीव भांड्यात पडतो.

(आ) मूल गेलेच तर. तात्पुरत्या प्रवासासाठी नाव कमी करण्याची घाई करू नये. शिक्षण हमी पत्रक भरून ते पालकाच्या हाती द्यावे. मुलाला काय वाचता येते, कोणत्या क्रिया जमतात हे त्यात नेमके लिहावे. ‘साधारण’ या शेऱ्याचा पुढील शिक्षकाला काहीच उपयोग होत नाही. कारखान्याचे व मुक्कामाच्या गावाचे नाव, मुकादमाचा दूरध्वनी क्रमांक यांची नोंद शाळेत ठेवावी. पाठ्यपुस्तके मुलाबरोबर द्यावीत. शक्य असेल तेथे त्या गावच्या शाळेशी स्वतः बोलावे. पत्रक पिशवीत राहून जाते. शिक्षकाचा निरोप मात्र पोहोचतो.

(इ) परतल्यावर. मूल परतते तेव्हा परीक्षा जवळ आलेली असते. ‘आलास का फिरून?’ हे सहज काढलेले वाक्यही त्याला शाळेपासून कायमचे दूर लोटण्यास पुरेसे होते. त्याला त्याच्या जुन्या जागी बसवावे. पहिल्या दोन दिवसांत वाचन, लेखन व अंकज्ञान यांची तोंडी चाचणी घेऊन जेथे धागा तुटला तेथूनच आरंभ करावा. सुट्टीपूर्वीचे थोडे दिवस केवळ भाषा व गणित यांतील पायाभूत गोष्टींना द्यावेत.

६. बाहेरून येणारी मुले

अंबड तालुक्यात अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना आहे व आसपासच्या तालुक्यांतही ऊस तोडला जातो. म्हणजे हा जिल्हा मजूर पाठविणारा आहे, तसाच मजुरांना बोलावणाराही आहे. आपल्या गावचे मूल परक्या शाळेत प्रेमाने घेतले जावे अशी अपेक्षा बाळगणाऱ्या शिक्षकाने आपल्या शिवारातील कोप्यांकडेही पाहिले पाहिजे. गाळप सुरू झाल्यावर एकदा फडावर जाऊन शाळेच्या वयाची मुले मोजावीत, दाखल्याची वाट न पाहता त्यांना वर्गात बसवावे आणि मध्यान्ह भोजनात सामील करून घ्यावे. धाकट्या भावंडासह आलेल्या मुलीला परत पाठवू नये. भावंडाला अंगणवाडीत ठेवण्याची तजवीज करावी.

७. नमुना पाठ : परतलेल्या मुलाचे ज्ञान

विषय परिसर अभ्यास व गणित; इयत्ता चौथी. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा टांगावा. आपले गाव, तालुका व जिल्हा मुलांकडून दाखवून घ्यावा. नंतर जी मुले या वर्षी परगावी जाऊन आली त्यांच्याकडून वाटेत लागलेली गावे व नद्या विचारून रेघ काढावी. लग्नाला गेलेले मूल व ऊसतोडीस गेलेले मूल दोघांनाही सारखेच विचारावे. सीमेपलीकडे राहिलेल्या मुलाकडून कन्नडमधील चार शब्द वर्गाने शिकावेत. गणितासाठी उसाचीच उदाहरणे घ्यावीत : एक टन म्हणजे १००० किलोग्रॅम, एका मोळीचे वजन २० किलोग्रॅम धरल्यास एका टनात मोळ्या किती? या हिशेबात मागे राहिलेले मूल पुष्कळदा सर्वांच्या पुढे जाते. मात्र कोपीतील हालअपेष्टांविषयी चारचौघांत प्रश्न विचारू नयेत. मुलाचे ज्ञान वर्गापुढे यावे. त्याचे दारिद्र्य वर्गापुढे मांडले जाऊ नये.

समारोप

कोयत्याचा कोयताच होऊ नये, ही त्या कोयत्याची, म्हणजे त्या आईबापांची, स्वतःचीच इच्छा असते. उचलीच्या ओझ्याखाली ती बोलून दाखविली जात नाही, इतकेच. शिक्षकाची घरभेट, नीट भरलेले हमी पत्रक व परतल्या दिवशी जुन्या जागी राखून ठेवलेले बाक यांमुळे त्या इच्छेला वाट मिळते.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील प्रत्येक वर्गात मागील वर्षी सलग ३० दिवसांहून अधिक गैरहजर राहिलेली मुले किती? त्यांपैकी मुली किती?

२. दसऱ्यापूर्वी किती घरी भेटी दिल्या? किती मुले गावात राहिली? जी राहिली नाहीत, त्यांच्या आईने कोणते कारण सांगितले?

३. दिलेल्या हमी पत्रकांपैकी किती परक्या शाळेत वापरली गेली? न वापरली गेली, ती का?

४. आपल्या शिवारात बाहेरून आलेल्या मजुरांची किती मुले शाळेत बसली?