काळजी डोक्यात, घाव काळजावर



नवी मुंबईत वाशीच्या घाऊक बाजारात साखरेचा भाव उतरला, की इकडं आपल्या काळजात धस्स होतं. हे नुसतं बोलणं नव्हे. डोकं आणि काळीज खरोखरच जोडलेलं आहे.

मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका दिसताच तो इशारा देतो. मग नाडी व रक्तदाब वाढतो, यकृत रक्तात साखर सोडतं. साप आडवा आला तर याच जोरावर आपण मागं उडी घेतो. पण ऊसबिलाची, कर्जाची काळजी महिनोन्‌महिने चालली, तर हा इशारा थांबतच नाही. बोस्टनच्या डॉक्टरांनी २९३ जणांचा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांचा हा भाग जास्त चाळवलेला, त्यांच्या रक्तवाहिन्यांना सूज अधिक आणि पुढं हृदयविकारही अधिक आढळला.

म्हणून आमचं सांगणं असं: रात्री पाणी पाजलं तर दिवसा झोप भरून काढावी. तंबाखूनं काळजी जात नाही, नाडी मात्र वाढते. मनातलं घरात बोलावं. तिशीनंतर रक्तदाब व रक्तातली साखर तपासत राहावी. तोडणीआधी उसातली साखर आपण तपासून घेतो; मग स्वतःच्या रक्तातली का नको?