सही करण्याआधी पोरगा काय विचारतो

देवगाव फाटा, ता. सेलू, जि. परभणी

चि. बाबू यास,


तुझं पत्र दोनदा वाचलं. फोनवर बोलून भागणारा विषय नाही, म्हणून निवांत लिहायला बसलो.

कोल्हापूरचा लेफ्ट बॅक तुमच्या फुटबॉल क्लबला नाही म्हणाला. गोव्याच्या स्ट्रायकरने फोन उचलणं बंद केलं. गोलकीपरचं सगळं ठरलं होतं आणि सहीच्या दिवशी तो दुसऱ्याच क्लबच्या बसमध्ये बसला. आपण इतरांपेक्षा पैसे जास्त देतोय तरी पोरं येत नाहीत, एजंट त्यांचे कान भरतात, असं तू लिहितोस. एजंटांचं असेलही थोडंफार. पण तुझ्याच पत्रात खाली एक ओळ आहे. मागच्या हंगामातल्या तिघांचे शेवटचे दोन महिने अजून द्यायचे राहिलेत, असं लिहून तू पुढच्या विषयाकडे वळलास. मी मात्र त्या ओळीवरच थांबलो. तुझ्या सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथे आहे असं माझं ठाम मत आहे.

आपल्या फाट्यावर हंगामात कापूस-सोयाबीन घेणारे काटे लावून बसतात, ते तू लहानपणापासून पाहिलंयस. एखादा नवा व्यापारी येतो, क्विंटलमागे चार पैसे जास्त बोलतो आणि पट्टी मात्र पुढच्या आठवड्यावर ढकलतो. पहिल्या वर्षी त्याच्या काट्यावर गर्दी होते. दुसऱ्या वर्षी तोच शेतकरी त्याच्यासमोरून गाडी पुढे काढतो आणि भाव कमी असला तरी मापं होताच नोटा मोजून देणाऱ्याकडे जातो. एका माणसाची पट्टी बुडाली तर ती गोष्ट मानवतपासून जिंतूरपर्यंत चार दिवसांत पोचते. खेळाडूंचं जग तर याहून लहान आहे. राहिलेल्या पगाराची गोष्ट त्या तिघांपुरतीच राहिली, असं तुझे मालक समजत असतील, तर त्यांना समजावून सांग. ते तिघं आता तीन वेगवेगळ्या संघांत आहेत. म्हणजे तीन ड्रेसिंग रूममध्ये तुमच्या क्लबची चर्चा होते, आणि तू ज्याला फोन करतोस तो आधी त्यांनाच विचारतो.

हे किती खोलवर जातं ते हैदराबादच्या संघाकडे बघून कळेल. 20 मार्च 2022 ला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, त्यांनी केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. त्या हंगामात त्यांच्या ओगबेचेने 18 गोल केले होते. पुढे पगार थकायला लागले. 2023-24 च्या हंगामात परदेशी आणि नावाजलेले भारतीय खेळाडू मध्येच निघून गेले, थकबाकीपायी नवीन खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली, आणि उरलेल्या कोवळ्या पोरांना घेऊन संघ मैदानात उतरत राहिला. 22 सामन्यांत एकच विजय आणि तळाचं स्थान. दोन वर्षांपूर्वीचा विजेता संघ! शहर तेच, जर्सीचा पिवळा रंगही तोच. खेळाडूंचा भरवसा तेवढा गेला होता.

नियमही आता खेळाडूच्या बाजूने आहेत, ते मालकांपुढे ठेव. दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडू पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार मोडू शकतो, असं फिफाचा नियम सांगतो. ठरवून दिलेली थकबाकी क्लबने भरली नाही, तर सलग तीन ट्रान्सफर विंडोपर्यंत नवीन नोंदणी बंद होऊ शकते. म्हणजे दोन महिन्यांचे पैसे वाचवताना दीड वर्षाचा संघ हातचा जातो.

आता दुसरं कारण सांगतो. त्यात तुझा काही दोष नाही, पण ओझं तुलाच वाहायचं आहे. तू पुण्यातून फोन करतोस. पुण्या-मुंबईच्या फुटबॉलचा गेल्या काही वर्षांचा इतिहास खेळाडूंच्या घरी पाठ आहे. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद केला गेला. पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता, त्यांची अकादमी देशात नावाजलेली होती. 2015 मध्ये तो संघही संपला. त्याच वर्षी पुण्याचा भारत एफसी एका हंगामातच गुंडाळला गेला. 2017 मध्ये डीएसके शिवाजीयन्स आणि मुंबई एफसी गेले. 2014 मध्ये 1998 च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातल्या त्रेझेगेला बालेवाडीत खेळवणारा एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला आणि त्याची जागा, वर सांगितलेल्या त्या हैदराबादला गेली. नऊ वर्षांत सहा संघ. यातला एकही संघ खेळ वाईट होता म्हणून प्रेक्षकांनी बंद पाडलेला नाही. मालकांचा हिशेब बदलला, की पोरांनी सामान बांधायचं. अशा शहरातून तुझा फोन गेल्यावर पोराचा बाप विचारणारच, की हा क्लब पुढच्या दिवाळीला असेल का? त्या प्रश्नाचा राग मानू नकोस.

जुन्या मुंबईत हा प्रश्नच नव्हता, कारण फुटबॉलबरोबर नोकरी मिळायची. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, एअर इंडिया. खेळाडू कूपरेजवर खेळायचा आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला ऑफिसातून पगार उचलायचा. गुडघा गेला तरी खुर्ची राहायची. केरळ, गोवा, हैदराबादहून पोरं मुंबईला यायची ती त्या खुर्चीच्या भरवशावर. आजच्या क्लबकडे ती खुर्ची नाही. मग तिच्या जागी तुम्ही काय देणार, ते आधी ठरवा. दुखापत झाली तर ऑपरेशनचा खर्च कोण करणार? बरा होईपर्यंत पगार चालू राहील का? ही दोन वाक्यं करारात स्पष्ट असतील, तर तुझं निम्मं काम तिथेच होईल.

गोव्याच्या स्ट्रायकरबद्दल तू लिहिलंस की त्याने कोचचं नाव विचारलं आणि तू म्हणालास, ‘लवकरच जाहीर करू.’ तिथेच तो गेला असणार. खेळाडू क्लबच्या नावापेक्षा माणसाकडे बघून येतो. 2020 चं उदाहरण तुला ठाऊक असेल. एफसी गोवाने जानेवारीच्या अखेरीस कोच सर्जिओ लोबेराला काढलं. पुढच्या हंगामात तो मुंबई सिटीला आला आणि त्याच्या मागोमाग बुमूस, जाहू, फॉल हे तिघं आले, आणि अनेक हंगाम गोव्याची जर्सी घातलेला आपला मंदार राव देसाईसुद्धा आला. त्याच हंगामात मुंबईने लीगची ढाल आणि चषक दोन्ही जिंकले. मुंबई सिटीमागे तेव्हा मँचेस्टर सिटीवाल्यांचा पैसा होता, हे खरंच. पण पैसेवाला क्लब काही तो एकच नव्हता. त्या खेळाडूंना आपण कुठे उभे राहणार, चेंडू आपल्याकडे कसा येणार, हे सही करण्याआधीच माहीत होतं. तुमच्याकडे कोचच ठरलेला नसेल, तर खेळाडू शोधणं आत्ताच्या आत्ता थांबव आणि मालकांना आधी कोच नेमायला लाव. मग कोचला घेऊन खेळाडूशी बोल. तू एकट्याने बोलू नकोस.

निव्वळ पैसा ओतून बघितलेलेही आहेत. रशियातल्या दागेस्तानमधल्या आन्झी क्लबने 2011 मध्ये सॅम्युएल एटूला जगातल्या सगळ्यात मोठ्या पगारांपैकी एक देऊन आणलं. पण खेळाडू राहायचे आणि सराव करायचे मॉस्कोला, आणि घरच्या मैदानावरच्या सामन्यासाठी विमानाने मखाचकलाला जायचे. 2013 च्या ऑगस्टमध्ये मालकाने हात आखडता घेतला, मोठी नावं विकली गेली आणि पुढच्याच वर्षी क्लब खालच्या श्रेणीत घसरला. त्या गावाशी त्या खेळाडूंचं काही नातं जुळलंच नव्हतं. तुम्ही पोरांना कुठे ठेवता, मेसचं जेवण कसं आहे, मैदान खोलीपासून किती लांब आहे, हे मी एवढं खोदून विचारतो ते याचसाठी. परभणीकडचा पोरगा पहिल्यांदा पुण्यात येतो, तेव्हा आठ जणांच्या खोलीत झोपून पहाटे दोन बस बदलत सरावाला जाणं त्याला महिनाभरच जमतं. मग तो घरी येतो आणि परत जात नाही.

कोल्हापूरच्या पोराचं जरा निराळं आहे आणि त्याचा नकार मला समजतो. तिथे पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार या संघांमागे अख्ख्या पेठा उभ्या असतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की माणूस माणसाला चिकटून बसतो. तिथला पोरगा गल्लीतून चालताना नावाने ओळखला जातो. तुमच्या सामन्याला शंभर माणसं येतात. थोड्या जास्त पैशांसाठी त्याने ती ओळख का सोडावी? तो निघेल ते वरची पायरी दिसली तरच. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढे आयएसएलमध्ये गेला. तो रस्ता त्या पोरांच्या डोळ्यांसमोर आहे. तेव्हा त्याला सरळ सांग की दोन हंगाम आमच्याकडे खेळ, वरच्या क्लबने मागणी केली तर आम्ही अडवणार नाही, आणि किती रकमेला सोडू तो आकडा आत्ताच करारात लिहू. ज्या क्लबमधून पुढे जाता येतं, त्या क्लबमध्ये पोरं यायला तयार असतात. तुमचे मालक म्हणतील की असं लिहून दिलं तर चांगला खेळाडू हातातून जाईल. जाऊ दे. तो गेला तर त्याच्या जागी येणारे दहा दारात उभे राहतील.

आणि ज्यांच्यामागे पाच क्लब लागलेत, त्यांच्यामागे तू सहावा होऊ नकोस. लेस्टरने 2014 च्या जानेवारीत फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतून रियाद माहरेझला आणलं तेव्हा, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, त्याला लेस्टर हा रग्बीचा क्लब वाटला होता. दीडेक वर्षाने कांटे आला, तोही फ्रान्समधल्या कां नावाच्या छोट्या क्लबकडून. 2016 मध्ये लेस्टर इंग्लंडचं विजेतं झालं. नाव असलेले लोक त्यांच्याकडे यायला तयार नव्हते, म्हणून त्यांची माणसं इतरांनी न पाहिलेल्या मैदानांवर जाऊन बसली. तू किती जिल्हास्तरीय स्पर्धा बघितल्यास? शालेय स्पर्धांना नांदेडला, नागपूरला जाऊन बसलास का? व्हिडिओवर बारा गोल दिसतात, पण चेंडू गमावल्यावर पोरगा मागे पळतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो, ते मैदानाच्या कडेला बसल्याशिवाय दिसत नाही.

पोराच्या घरी जाशील तेव्हा कसं बोलावं तेही सांगतो. मी शिक्षक असताना एका पोराला घेऊन जायला एका क्लबचे लोक आले होते. ओसरीवर चहा झाला. त्यांनी फोनवर स्टेडियमचे फोटो दाखवले, मोठमोठ्या खेळाडूंची नावं घेतली. बाप सगळं ऐकून घेत होता. शेवटी त्याने एकच विचारलं, ‘पैसे महिन्याच्या किती तारखेला येतात?’ पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यातला एक म्हणाला, ‘साधारण पहिल्या पंधरवड्यात.’ बापाने कप उचलून आत नेऊन ठेवला. पोरगा गेला नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, पण बापाचं काही चुकलं नव्हतं. तेव्हा तू जाशील तर तारीख घेऊन जा. कराराची मराठी प्रत घेऊन जा, ती बापाला आणि आईला वाचून दाखव, आणि ती रात्रभर त्यांच्याकडे ठेवून ये. लगेच सही करा म्हणून घाई करू नकोस. पोराला पहिल्या वर्षी बाकावर बसावं लागणार असेल तर तसं सांग. त्याचा नकार आला तरी चालेल. खोटं सांगून आणलेला पोरगा डिसेंबरात तोंड फुगवून बसतो आणि संघ नासवतो.

हे सगळं करूनही काही जण येणार नाहीत. 2025 च्या ऑगस्टमध्ये आयएसएल होणार की नाही याचाच पत्ता नव्हता, तेव्हा बंगळुरूसारख्या सुव्यवस्थित क्लबनेही खेळाडूंचे पगार थांबवले होते. त्या धक्क्यानंतर भारतातल्या कुठल्याही खेळाडूने दहा प्रश्न विचारले तर ते रास्तच आहेत. त्यांची उत्तरं देताना कंटाळू नकोस.

आता तू मागितलेल्या मदतीबद्दल. आपल्याकडचे दोन-तीन क्रीडाशिक्षक माझे जुने सोबती आहेत, त्यांच्याकडे चांगली पोरं आहेत आणि माझ्या शब्दावर ती पुण्याला पाठवतील, हे तू लिहिलंस ते बरोबर आहे. त्यातला एक सेंटर बॅक मी स्वतः पाहिलाय. डोकं शांत आहे, दोन्ही पायांनी खेळतो, उंचीही चांगली आहे. पण मी आत्ता कुणालाही फोन करणार नाही. आधी त्या तिघांचे दोन महिने चुकते करायला मालकांना लाव. जमत नसेल तर मला बोलव, मी पुण्याला येऊन त्यांच्याशी बोलतो. पैसे खात्यावर जमा झाले की त्या तिघांपैकी एकाचा नंबर मला पाठव. त्याच्याकडून मी स्वतः ऐकेन, आणि त्याच संध्याकाळी मास्तरांना फोन करीन.

तुझी मामी विचारते, खोलीत गॅस आला का?

तुझा,
मामा